पाणी उकळलं, जरा थांबू

पसरणीचा घाट चढताना जीप तापणार, हे आमच्याकडे गृहीतच धरलेलं असायचं. वाईतून निघण्याआधी पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधली जाई, आणि मागच्या बाकाखाली पाण्यानं भरलेला तेलाचा जुना डबा सरकवला जाई. पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागल लटकलेली असे. छागलीतलं पाणी माणसांचं, डब्यातलं गाडीचं. तहान लागली म्हणून कोणी डब्याला हात लावला की ड्रायव्हरकाका ओरडत, "ते जीपचं हाय!"

अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि जीप अर्थातच खात्याची. पाचगणीला काही काम निघालं की सुट्टीत आम्हा भावंडांनाही मागे बसायला मिळे. ते नियमात बसत होतं का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या जवळपास, आणि मधला रस्ता जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा. एवढ्या चढाला भरलेली जीप दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ शकत नसे. इंजिन जीव तोडून ओरडायचं आणि गाडी मात्र सायकलच्या चालीनं चढायची.

आधी वास यायचा. तापलेलं रबर, तापलेलं ऑइल आणि गंजकं पाणी, तिन्हींचा मिळून एक वास. काटा त्यानंतर हलायचा. पुष्कळ जीपांचा काटा कधीचाच मेलेला असल्यामुळे हलतही नसे. मग बॉनेटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ दिसायची आणि ड्रायव्हरकाका म्हणायचे, "पाणी उकळलं, जरा थांबू." या वाक्यावर कोणी वैतागल्याचं मला आठवत नाही. जागा मात्र ते बघून निवडत. सावली हवीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वारं तोंडावर यायला हवं. खाली कृष्णेचं खोरं उघडं पडलेलं आणि जीपचं नाक वाऱ्याकडे. चाकामागे दगड. इंजिन लगेच बंद करायचं नाही, थोडा वेळ तसंच चालू ठेवायचं, कारण ते बंद झालं की पंख्याचा वारा आणि पाण्याचं फिरणं दोन्ही एकदम थांबतं आणि हेडमधली गरमी आतच कोंडते. बॉनेटचे दोन्ही बाजूंचे चाप काढून ते उचलायचं आणि मग काही करायचं नाही. विडी ओढायची. पोरांनी करवंदं शोधायची.

झाकणाची पाळी सगळ्यात शेवटी. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर टाकायचा, तोंड बाजूला करायचं आणि झाकण अर्धंच फिरवायचं. त्या झाकणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर ते अडतं आणि फक्त वाफ सोडतं, दुसऱ्यावर निघतं. फुसफुस पूर्ण थांबल्याशिवाय काकांनी दुसरा टप्पा कधी फिरवला नाही. मग इंजिन चालू ठेवून पाणी बारीक धारेनं. घाईनं गार पाणी ओतलं तर तापलेलं बिडाचं हेड तडकतं, हे ते दर वेळी सांगत, आम्हाला पाठ झालं होतं तरी सांगत. वरून उतरणारा एखादा ट्रकवाला गाडी हळू करून विचारायचा, "पाणी हाय का?" हाय म्हटलं की हात करून पुढे जायचा.

जीप तापायची म्हणजे ती वाईट होती, असं मात्र नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीपा सुट्या भागांतून जोडल्या जाऊ लागल्या. पुढे महिंद्रानं इथंच बनवलेलं सीजे-थ्री-बी हे मॉडेल खेडोपाडी पोहोचलं. उंच बॉनेटची ती जीप ज्यानं पाहिली नाही असा माझ्या वयाचा माणूस सापडणार नाही. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ एवढीच निघाली. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिली. तिचं बॉनेट उंच झालं ते आतल्या हरिकेन इंजिनामुळे. १३४ घनइंचाचं, म्हणजे सुमारे २.२ लिटरचं हे पेट्रोल इंजिन. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते, म्हणून उंची वाढली. रेडिएटर पितळेचा, पंखा पत्र्याचा आणि पट्ट्यावर फिरणारा. साधं आणि टिकाऊ काम होतं ते.

पण पेट्रोल असो की डिझेल, इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानानं एक तृतीयांश ताकद चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून उडून जाते आणि उरलेली पाण्याच्या गळ्यात पडते. ती गरमी बाहेर टाकायला रेडिएटरमधून वारं जावं लागतं. सपाट रस्त्यावर ते गाडीच्या वेगानं मिळतं. घाटात वेग नसतो, त्यामुळे सगळी मदार पंख्यावर. त्यात पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं तेव्हा ही मर्यादा वर सरकते. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की पाणी साधारण दीड अंशानं उशिरा उकळतं. म्हणजे ७ पौंडांच्या झाकणानं दहा-अकरा अंशांची सूट मिळते. झाकणाचं रबर वाळून चिरलं असेल तर ती सूट गेली, आणि तेव्हाच्या निम्म्या जीपांचं ते चिरलेलंच असे.

तरी खरी तापणारी जात आली ती पुढे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं आणि जुन्या जीपांतून पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायची लाट आली. मिळेल ते इंजिन, मिळेल त्या फिटरकडून. इंजिन बदललं, रेडिएटर मात्र तोच जुना राहिला. पंखा आणि जाळी यांच्यातलं अंतर बदललं, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं बसेना म्हणून काढून कोपऱ्यात टाकलं. त्याच जीपा वडापला, म्हणजे सीटमागे पैसे घेणाऱ्या खासगी प्रवासी वाहतुकीला लागल्या. नऊ-दहा जणांच्या गाडीत पंधरा-सोळा माणसं, टपावर भाजीच्या पाट्या, मागच्या पायरीवर लटकलेले तिघं-चौघं. सातारा-कोल्हापूरकडच्या घाटांत दुपारी बॉनेट उघडून उभी राहिलेली वडापची जीप हे इतकं नित्याचं दृश्य होतं की लोक उतरून चालायला लागत आणि पुढच्या वळणावर परत चढत.

आता मिस्त्रीची गोष्ट. वाईत एसटी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान. खात्याची गाडी त्याच्याकडे अधिकृतपणे जात नसे, पण सगळ्यांचा विश्वास त्याच्यावरच. गाडी तापते म्हणून कोणी आलं की तो हातात पाना घेत नसे. आधी विचारायचा, "कुठं तापती? घाटात का सपाटीला?" उत्तर येईपर्यंत तो चाकाच्या मधल्या भागाला हात लावत फिरायचा. एखादं चाक इतरांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक धरून राहिला आहे, इंजिन फुकट ओढतंय, रेडिएटरचा काही दोष नाही. तेवढ्यानं सुटलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

त्याचा हिशेब असा होता: "सावकाश चालीला तापती, तर वारा कमी पडतोय. पळताना तापती, तर पाणी कमी फिरतंय. दोन्हीकडं तापती आणि गळत नसताना पाणी घटतंय, तर पैशाची सोय करा." आजही एवढ्या तीन वाक्यांत या विषयाचं निम्मं पुस्तक येतं. वारा कमी म्हणजे पट्टा ढिला, पंखा वाकडा, कडं गायब, किंवा जाळीत किडे आणि गवताचं बी भरलेलं. पट्टा तो अंगठ्यानं दाबून बघायचा. अर्धा इंच दबला तर ठीक. पाणी कमी म्हणजे जाळीच्या नळ्या क्षारानं बुजलेल्या, पंपाची पाती झिजलेली, नाहीतर खालचा होज पाइप मऊ पडलेला. हा शेवटचा दोष भल्याभल्यांना सापडत नसे. खालच्या पाइपातून पंप पाणी ओढतो. इंजिन जोरात फिरलं की मऊ पाइप आत चिकटतो आणि वाट बंद. गाडी उभी करून बघितलं की पाइप पुन्हा जसाच्या तसा! त्यासाठीच त्या पाइपात तारेची स्प्रिंग घातलेली असते. ती गंजून गेली की कोणी नवीन घालायचं नाही. मिस्त्री ॲक्सिलरेटर दाबायला सांगून स्वतः वाकून पाइपाकडे बघत बसायचा.

पेट्रोल जीप असेल तर आणखी दोन गोष्टी. टायमिंग मागे पडलं असेल तर स्फोट उशिरा होतो आणि गरमी पाण्यात जास्त उतरते. डिस्ट्रिब्युटर नखभर फिरवून तो कान देऊन ऐकायचा. दुसरी गोष्ट म्हणजे पुष्कळदा गाडी तापलेलीच नसायची. उन्हात पेट्रोलच्या नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला ती ओढता यायची नाही, इंजिन बंद. लोक रेडिएटरमध्ये पाणी ओतत बसायचे. यावर उपाय म्हणजे पेट्रोल पंपावर ओलं फडकं. ते फडकं कित्येक जीपांना कायमचं गुंडाळलेलं असे.

आणि हेड. इंजिन गार असताना रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून गाडी चालू करायची. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केट गेलं, सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. ऑइलची काडी काढून ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. मग हेड उतरवून सरळपट्टी ठेवून बघायचं, वाकलं असेल तर फेस करायला पाठवायचं. मोठं काम असलं की कोल्हापूरचं उद्यमनगर. तिथं ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग सगळं एका हाकेच्या अंतरावर मिळे आणि लोक सांगलीपासून चिपळूणपर्यंतची इंजिनं तिथं नेत.

इथवर सगळं छान. पण जुन्या दिवसांबद्दल लिहिताना माणूस सोयीचं तेवढंच आठवतो, म्हणून आता उरलेलंही सांगायला हवं. त्या काळचे निम्मे उपाय गाडीला मारक होते.

रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकत. गळती थांबायची, यात खोटं काही नाही. हळदीचा गाळ भोकाशी जाऊन बसतो. पण भोक कुठलं आणि नळी कुठली हे हळदीला काय कळणार? उरलेला गाळ बारीक नळ्यांत जाऊन बसायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी दुप्पट तापायची. तंबाखू, कच्चं अंडं, साबणाचा चुरा, असले प्रयोगही मी पाहिले आहेत. धुण्याचा सोडा घालून रेडिएटर धुणं हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, तोही नंतर स्वच्छ पाणी नीट फिरवलं तरच. विहिरीचं पाणी तर सर्रास. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी जड. तापलं की क्षार भिंतींना धरतात. नुसतं पाणी गरमी वाहून न्यायला कूलंटपेक्षा कमी नाही, उलट थोडं सरसच आहे. घात होतो तो क्षारानं आणि गंजानं.

सगळ्यात मोठा अपराध थर्मोस्टॅटचा. त्याला सगळे 'वॉल्व्ह' म्हणत. गाडी तापते? वॉल्व्ह काढून फेका. आमचा एवढा हुशार मिस्त्रीसुद्धा हेच करायचा, आणि या एका बाबतीत तो साफ चुकत होता. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास गेलं की हा वॉल्व्ह उघडतो आणि रेडिएटरची वाट मोकळी करतो. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. गारठलेलं डिझेल इंजिन काळा-पांढरा धूर ओकतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत त्या वॉल्व्हची खालची चकती आतली आडवाट बंद करण्याचंही काम करते. वॉल्व्ह काढला की आडवाट कायम उघडी, आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. म्हणजे तापू नये म्हणून काढलेल्या वॉल्व्हमुळेच गाडी तापते. महाराष्ट्रातल्या किती जुन्या डिझेल जीपांत आज तो वॉल्व्ह नाही, हे बघायला गेलं तर हसावं की रडावं कळणार नाही.

हे मी आत्ता इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण माझ्या भाच्यानं महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप घेतली आहे. ८० च्या दशकातलं हे मॉडेल, पूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, बासष्ट अश्वशक्ती. कोरेगावकडच्या एका गोठ्यामागे ती कित्येक पावसाळे उभी होती. पोरानं ती घासूनपुसून लष्करी हिरव्या रंगात रंगवली, भलेमोठे टायर घातले, पुढे विंच बसवला, त्याच्यावर दिव्यांचा लांबलचक दांडा लावला. फोटो देखणे आले. मग मित्रांसोबत डोंगरात नेली आणि पहिल्याच चढाला तिनं पाणी बाहेर फेकलं.

"मावशी, हे पूजो इंजिनच तापट असतं म्हणे," तो मला सांगायला लागला. तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्याला मिस्त्रीचा प्रश्न विचारला. सावकाश चालीला की पळताना? तो म्हणाला, दोन्ही, पण सावकाश चालीला जास्त. पाणी घटतं का? उकळून बाहेर पडतं तेवढंच, एरवी नाही. म्हणजे हेड बहुधा शाबूत. तरी त्यानं खात्री करून घेतली, आणि इथं नव्या काळाचं कौतुक करायलाच हवं. आता निळ्या द्रवाची एक छोटी नळी मिळते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. आमचा निळाच राहिला. बुडबुडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

दुसरं हत्यार म्हणजे बंदुकीसारखा दिसणारा तापमापक. लांबून रोखला की आकडा दिसतो. पोरानं तो चकचकीत पितळेवर रोखला आणि म्हणाला, "साठच दाखवतोय, तापतच नाही!" चकाकणाऱ्या धातूवर ही यंत्रं खोटं बोलतात, आकडा कमी दाखवतात. मग रेडिएटरच्या वरच्या टाकीवर, खालच्या टाकीवर आणि थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि त्यांच्यावर रोखलं. आता आकडे खरे आले. काळा रंग दिलेल्या जाळीवरून तो हळूहळू आडवा फिरवला तेव्हा गंमत दिसली. या रेडिएटरमध्ये पाणी वरून खाली उतरतं, आणि उजवीकडच्या बाजूला उभे गार पट्टेच्या पट्टे. म्हणजे तिथल्या नळ्या बुजलेल्या. मिस्त्रीनं हेच तळहात फिरवून सांगितलं असतं, पण त्याचा तळहात कुणाला वारशानं मिळालेला नाही.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं. अंदाज होताच. आत वॉल्व्ह नव्हता. पंख्याभोवतीचं कडंही नव्हतं; ते का हवं हे पोराला कळेना. कडं नसलं की पंखा समोरून, जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची, इंजिनाजवळची गरम हवाच घुसळत राहतो. सावकाश चालीला जास्त तापण्याचं कारण तेच. आणि पुढे दिव्यांचा दांडा, त्याच्यामागे विंच, मध्ये दोन भोंगे: जाळीपर्यंत वारा पोहोचायचा कसा? मोठ्या टायरांनी आणखी भर घातली. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर लांब होतो आणि बासष्ट घोड्यांना चढावर जास्त ओढावं लागतं. एक दोष मोठा नव्हता, पाच-सहा बारीक दोष एकत्र जमले होते. जुन्या गाडीत बहुतेकदा असंच असतं, आणि म्हणूनच एकच एक पार्ट बदलून 'तरी तापतेच' म्हणणारे लोक भेटतात.

नवा थर्मोस्टॅट आणला तो बसवण्याआधी पातेल्यात उकळून बघितला. पाण्यात दोऱ्यानं टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी तापमापक धरायचा. ऐंशीच्या पुढे गेल्यावर चकती सरकली आणि पाणी निवायला लागल्यावर परत बसली. माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ते पातेलं आता जीपचं झालं.

रेडिएटरचं काम मात्र सोपं नव्हतं. वाईत विचारलं तिथं प्रत्येकानं नवीन ॲल्युमिनियमचा घ्या म्हणून सांगितलं. शेवटी साताऱ्यात एक म्हातारा कारागीर सापडला. त्यानं वरची आणि खालची टाकी टॉर्चनं झाळ वितळवून वेगळी केली, पितळी नळ्यांतून एकेक करून पातळ सळई फिरवली आणि गाळ कागदावर झटकून दाखवला. पिवळसर, चिकट, मधूनच दगडी. "ह्यात हळद हाय," तो म्हणाला. कुणी, कधी टाकली कोण जाणे. चार-पाच नळ्या मेलेल्या निघाल्या, त्या त्यानं झाळून बंद केल्या, टाक्या परत बसवल्या, हौदात बुडवून हवा भरून बुडबुडे बघितले. आजच्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि टाक्या प्लास्टिकच्या. त्या पट्टी दाबून बसवलेल्या असतात. हलके असतात, गरमी चांगली सोडतात, पण प्लास्टिक तडकलं की झाळायला काही नसतं. बदला आणि पुढे चला.

पत्र्याचं कडं लोहाराकडून करून घेतलं. दिव्यांचा दांडा टपावर गेला. नवं झाकण, नवा खालचा पाइप स्प्रिंगसकट, आणि निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी. कूलंट म्हणजे बर्फाळ देशांची चैन, असं आपल्याकडे अजून समजतात. गोठण्याचा प्रश्न आपल्याला नाही हे खरं. पण गंज रोखणं, पंप सांभाळणं आणि उकळणं पुढे ढकलणं हीसुद्धा त्याचीच कामं. मग मांढरदेवचा घाट, भर दुपार, मागे सिमेंटची पोती. पोरानं एक नवा काटा बसवला आहे, तो नव्वदच्या आगेमागे राहिला.

आता रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्यांकडे बघते. त्या तापत नाहीत, निदान क्वचितच. विजेवरचे पंखे, बंद दाबाची टाकी, सगळ्यावर नजर ठेवणारा संगणक. पाणी तापायला लागलं की तो एसी बंद करतो, इंजिनाची ताकद उतरवतो. हे सगळं त्या वाफेच्या रेघेपेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि कोणी मला डबा घेऊन पुन्हा घाट चढायला सांगितलं तर मी जाणार नाही. पण या सोयीची एक बाजू मला खटकते. पुष्कळ नव्या गाड्यांतून तापमानाचा काटाच काढून टाकला आहे. गार असताना निळा दिवा, उकळल्यावर लाल दिवा, मध्ये काही नाही. ज्यांत काटा आहे त्यांतही तो साधारण ऐंशीपासून शंभरच्या थोडं पुढेपर्यंत मधोमध खिळून राहील असाच बसवलेला असतो. चालकाला उगाच काळजी नको म्हणून! मग तो हलतो तेव्हा सांगण्यासारखं फार उरलेलं नसतं.

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात हे दिसतं. लांब सुट्टीची गर्दी, गाड्या इंच-इंच सरकतात आणि कडेला बॉनेट उघडलेल्या चकचकीत मोटारी. चालक फोन लावून मदतीची वाट बघत उभा. लाल दिवा लागल्यावरही 'वरपर्यंत नेऊ' म्हणून त्यानं गाडी दामटलेली असते. बिडाचं हेड काही चुका पोटात घालायचं. ॲल्युमिनियमचं हेड लगेच वाकतं. त्याहून धक्का बसतो तो तापलेल्या टाकीचं झाकण उघडायला सरसावलेला हात बघून. ओरडून थांबवावं लागतं.

डोंगरात हौसेनं जीपा घालणारी नवी पिढी याला अपवाद आहे, आणि त्यांच्याकडून मीही शिकले. खोल पाण्यातून गाडी न्यायची तर पंख्याचा पट्टा सैल करून न्यायची, नाहीतर पाती पाण्याच्या रेट्यानं पुढे वाकून जाळी फाडतात. हे आमच्या ड्रायव्हरकाकांना माहीत होतं का, आठवत नाही. चिखलातून आल्यावर रेडिएटर इंजिनाच्या बाजूनं, मंद धारेनं धुवायचा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं जाळीचे पातळ पापुद्रे आडवे पडतात आणि वारा कायमचा अडतो. भाचा आता हे दुसऱ्यांना शिकवतो.

तेव्हा ज्यांच्या दारात जुनी जीप आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. उन्हाळा लागण्याआधी थर्मोस्टॅटचं घर उघडून आत काही आहे का ते बघा, नसेल तर घाला. पंख्याभोवतीचं कडं माळ्यावर पडलं असेल तर उतरवून बसवा. झाकणाचं रबर बघा, खालचा पाइप दाबून बघा. हळद स्वयंपाकाला ठेवा. आणि तुमच्या तालुक्यात पितळी रेडिएटर खोलून झाळणारा कोणी उरला असेल, तर नवीन मागवण्याआधी एकदा त्याच्याकडे जा. साताऱ्यातल्या आमच्या कारागिराकडे शिकायला कोणी नाही, आणि त्याचं दुकान आता आठवड्यातून तीनच दिवस उघडं असतं.